पेंटर कफीलचं अक्षर कुणाचं?

गुरुग्राममधल्या एका मॉलमधल्या नव्या उपाहारगृहाला आपली पाटी जुन्या दिल्लीच्या थाटाची हवी आहे. काम भाचीकडे आलंय. ती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकली आणि आता गुरुग्राममध्ये ब्रँडिंगची कामं करते. मामा मुंबईच्या जे. जे.मधून उपयोजित कला शिकून दिल्लीला आला आणि सरकारी प्रसिद्धी खात्यात पोस्टरं करता करता निवृत्त झाला. डिझायनरची शैली येते कुठून, यावर दोघांचं कधीच पटलेलं नाही. भाची म्हणते, नजरेतून येते. आपण काय पाहिलं आणि कशावर जीव जडला, त्यातून. मामा म्हणतो, अडचणीतून येते. हत्यार, मुदत, पैसा आणि गिऱ्हाईक जेवढं करू देतात, त्यातून. मामा-भाची काल्पनिक आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे कलावंत आणि त्यांची कामं मात्र खरी आहेत.

भाची : गिऱ्हाईकाने चावडी बाजारातल्या पाट्यांचे फोटो पाठवलेत, बघ. पिवळ्यावर लाल अक्षरं, उजव्या अंगाला काळी सावली, सावलीला पांढरी कड. म्हणतोय, यातून प्रेरणा घ्या.

मामा : घे की. त्या पेंटरने कुठून घेतली होती, तेही विचारून ये.

भाची : म्हणजे?

मामा : अगं, सावली त्याने हौसेने मारलेली नाही. गल्ली अरुंद, वर तारांचं जाळं, एकेका भिंतीवर दहा पाट्या एकमेकींना रेटतायत. पेंटरकडे इनॅमलचे डबे चार-पाच रंगांचे. तेवढ्यात अक्षर पाटीवरून सुटून पुढे आलं पाहिजे, चालत्या रिक्षातून वाचता आलं पाहिजे. मग सावली द्यावीच लागते. त्याची ती गरज होती. तुझ्या गिऱ्हाईकाला त्यात थाट दिसतो.

भाची : मान्य. पण गरज तर सगळ्या पेंटरांची सारखीच होती. मग अक्षर सगळ्यांचं सारखं का नाही झालं? कुणी सावली खाली ओढतो, कुणी बाजूला. कुणी अक्षराच्या पोटात दुसरा रंग भरतो, कुणी त्यावर चकाकीचा एक फटकारा मारतो. म्हणून तर हनीफ कुरेशीला त्या पाट्यांत माणसं दिसली.

मामा : तो लोधी कॉलनीच्या भिंतींवाला?

भाची : तोच. पण भिंती नंतर, आधी अक्षरं. सौराष्ट्रातला मुलगा, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकला आणि दिल्लीला जाहिरातीच्या धंद्यात आला. तोवर फ्लेक्सने गल्लोगल्लीच्या पेंटरांचं काम ओढून नेलं होतं. याने ‘हँडपेंटेडटाइप’ नावाचा उपक्रम काढला. पेंटरकडून अख्खी वर्णमाला रंगवून घ्यायची, तिचा फॉन्ट करायचा, फॉन्टला त्या पेंटरचंच नाव द्यायचं आणि विक्रीतला वाटा त्याला द्यायचा. जुन्या दिल्लीतल्या कफीलचा फॉन्ट ‘पेंटर कफील’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे २०१४ मध्ये हनीफने मित्रांबरोबर ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ उभं केलं आणि लोधी कॉलनी रंगली. २०२४ च्या सप्टेंबरात गेला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

मामा : हळहळ मलाही वाटली. माणूस मोठाच. पण त्याच्या फॉन्टवर माझा आक्षेप आहे. पाटीवर कफीलचा पहिला ‘ए’ ऐसपैस बसतो आणि शेवटचा अंग चोरून, कारण दुकानदाराचं नाव लांब आणि पाटी आखूड. खडूने दोन रेघा आखल्या, अक्षरं मोजली, तरी शेवटी ‘अँड सन्स’ची दाटी होतेच. ती दाटी कशी निभावली, त्यात पेंटरचं कसब. फॉन्टमध्ये सगळे ‘ए’ एका मापाचे. पाटी कधी संपतच नाही. अडचण गेली, तसा पेंटरही गेला.

भाची : नाव तरी राहिलं ना?

मामा : राहिलं. आणि आणखी एक. कफीलचा जो फॉन्ट गाजला, तो रोमन अक्षरांचा. चावडी बाजारात हिंदी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिप्या एका पाटीवर नांदतात. जगाच्या हाती गेली ती इंग्रजी.

भाची : कारण इंग्रजीत सव्वीस अक्षरं रंगवली की भागतं. देवनागरीत जोडाक्षरं शेकड्यांनी, मात्रा वर-खाली-पुढे-मागे. एकट्या माणसाने रंगवून ती संपायची नाहीत.

मामा : आलीस की नाही माझ्या मुद्द्यावर! अडचणीने ठरवलं. आता आर. के. जोशींचं बघ. रघुनाथ कृष्ण जोशी. ‘उल्का’ जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. शिवाय कवी. त्यांचं सुलेखन पाहिलंयस ना? अक्षर कागदावर ठरत नाही; फिरतं, फुटतं, दुसऱ्याच्या अंगावर चढतं. आणि त्याच माणसाने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ केला.

भाची : विंडोज २००० बरोबर आलेला.

मामा : हो. इथल्या हिंदी टंकलेखकांच्या भरतीच्या जाहिराती वाच. परीक्षा ‘मंगल’मध्ये की ‘कृतिदेव’मध्ये, हे त्यात छापलेलं असतं. दिल्लीच्या कचेऱ्यांतून निघणारी कितीतरी परिपत्रकं जोशींच्या अक्षरात असतात आणि सही करणाऱ्या साहेबाला त्याचा पत्ता नसतो. पण मला सांग, ‘मंगल’मध्ये तुला ते सुलेखनकार दिसतात? मी शोधून थकलो. सगळं सरळ, जाडी एकसारखी, कुठे फटकारा नाही. कारण तेव्हाच्या पडद्यावर एका अक्षराला मोजकेच ठिपके मिळायचे. त्यात नखरा केला असता तर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ ओळखू आले नसते. प्रेरणा तीच, हात तोच. हत्यार बदललं आणि शैली पार पालटली.

भाची : मला त्यात जोशी सर दिसतात.

मामा : कुठे?

भाची : त्यांनी ते काम पत्करलं, तिथे. नाव झालेल्या सुलेखनकाराला काय पडलं होतं ठिपके मोजत बसायचं? जे कागदावर रंगतं तेच करत राहिले असते तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण अक्षर म्हणजे उच्चार, असं ते मानत. आपल्या भाषांचा उच्चार यंत्राने तोडूमोडू नये, असं ज्याला मनापासून वाटतं, तोच जोडाक्षरांच्या मागे वर्षं घालवतो. अडचण काम घडवते, हे तुझं खरं. पण कुठली अडचण अंगावर घ्यायची, ते नजर ठरवते.

मामा : हं. हे लिहून ठेव.

भाची : तू हरलास की असंच म्हणतोस.

मामा : हरलो नाही, दम घेतला. चल, तुझ्या गिऱ्हाईकाचा ‘जुन्या दिल्लीचा थाट’ घेऊ. या फोटोतला ‘अग्रवाल’चा ‘अ’ बघ. हा दिल्लीचा नाही.

भाची : मग?

मामा : मुंबई वळणाचा आहे. उत्तरेकडे अ, झ, ण जुन्या छपाईत वेगळ्याच घाटाचे असायचे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतायचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथल्या आणि मुंबईतल्या इतर ओतशाळांच्या खिळ्यांनी संस्कृत-मराठी ग्रंथ देशभर गेले आणि त्यांच्याबरोबर ते वळणही. पुढे केंद्राने हिंदीसाठी प्रमाण देवनागरी ठरवली, तेव्हा अ, झ, ण मुंबईचे घेतले. ल आणि श मात्र उत्तरेचे ठेवले. म्हणून महाराष्ट्र सरकारला २००९ मध्ये शासन निर्णय काढून आपला पाकळीचा ल आणि देठाचा श पुन्हा सांगावा लागला. आता बोल, या पाटीतून तू प्रेरणा घेणार ती दिल्लीची की गिरगावची?

भाची : दोन्हीची. त्यात काय बिघडलं? शुद्ध शैली मला नकोच आहे. पण तुझं एक मला आवडत नाही. तू सगळं खिळ्यांवर, ठिपक्यांवर, डब्यांवर नेऊन ठेवतोस. मग डिझायनर हवाच कशाला?

मामा : कमीत कमी दिसायला. आमच्याच दिल्लीतलं उदाहरण देतो. लाल त्रिकोण.

भाची : कुटुंब नियोजनाचा?

मामा : दीप त्यागी म्हणून अधिकारी होते, कुटुंब नियोजनाच्या प्रचाराचं काम बघायचे. साठच्या दशकात त्यांच्या हाताखाली ते चिन्ह आलं. टोक खाली केलेला लाल त्रिकोण, जोडीला आई-बाप आणि दोन मुलांचे चेहरे. त्यात कलाकुसर शोधू नकोस. हे चिन्ह खेड्यातल्या दवाखान्याच्या भिंतीवर, ट्रकच्या मागे, आगपेटीवर जायचं होतं. वाचता न येणाऱ्याला ओळखू यायला हवं आणि ज्याच्याकडे पट्टी आणि लाल रंगाचा डबा आहे अशा कुठल्याही पेंटरला काढता यायला हवं. दिल्लीत ठरलं आणि मूळ चित्र कधीही न पाहिलेल्या माणसांनी देशभर रंगवलं. कुणाचा त्रिकोण जरा फुगला, कुणाचा कलला. चिन्ह तरीही मोडलं नाही. याला मी डिझाइन म्हणतो. त्यागी १९६९ मध्ये वारले. नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

भाची : नाव ठाऊक नसणं हा तुला गुण वाटतो?

मामा : वाटतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यातूनच पुढे तुझी अहमदाबादची संस्था निघाली. त्यात त्यांनी कौतुक कशाचं केलंय? लोट्याचं. पाणी किती मावावं, काखेत कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा असावा. हे सगळं कुणा एकाने बसून ठरवलेलं नाही, पिढ्यांनी ठरवलं. लोट्याच्या बुडाशी कुणाची सही असते का?

भाची : लोटा आपल्या घराघरांत होताच की. तरी तो ‘डिझाइन’ आहे, हे दिसायला ईम्स यावे लागले. हजार वस्तूंतून त्यांनी तोच उचलला. हेच तर मी म्हणते. पाहणं हे काम आहे, मामा, आणि ते आयतं होत नाही. ओरिजित सेनचं घे.

मामा : ‘पीपल ट्री’वाला? कनॉट प्लेसच्या रीगल इमारतीत दुकान होतं, तो?

भाची : तो. १९९४ मध्ये त्याचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ आलं. नर्मदेच्या धरणावरची चित्रकादंबरी, आपल्याकडच्या अशा पहिल्या पुस्तकांपैकी एक. त्याच्या पानांवर रेघ दोन तऱ्हांची आहे. शहरातून आलेला पत्रकार, मोर्चे, कचेऱ्या यांची रेघ एक, व्यंगचित्राच्या अंगाने जाणारी. आणि मालगू गायन नावाचा गायक जगाच्या उत्पत्तीची गोष्ट सांगू लागला की रेघ बदलते, आदिवासी भिंतीवरच्या चित्रांसारखी लयीत वाहू लागते. ही काही ठिपक्यांनी लादलेली अडचण नव्हती. शाई तीच, कागद तोच. नर्मदेच्या खोऱ्यात हिंडून त्याला कळलं, की या दोन जगांना एका रेघेत बसवणं खोटं होईल.

मामा : हे मात्र चांगलं सांगितलंस.

भाची : पुढे गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडांच्या नावाचं अध्यासन त्याच्याकडे आलं. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन त्याने म्हापशाच्या बाजाराची चित्रं केली. एकेक दुकान, एकेक पाटी, मिरच्या कोण विकतं, फुलवाले कुठे बसतात, केळी कुठून येतात. गर्दीची त्याची जी चित्रं आपण लांबूनही ओळखतो, ती अशी उन्हात बसून तयार झालीत. तू म्हणशील, बाजारच दाट म्हणून चित्र दाट.

मामा : म्हणणारच होतो.

भाची : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचे फोटो तर शेकडो लोक काढतात.

मामा : बरं बाई. पण मग मराठीतले कमल शेडगे कुठे बसवशील? ‘रायगडाला जेव्हा जाग येते’चं अक्षर वेगळं, ‘मत्स्यगंधा’चं वेगळं. नाटक बदललं की अक्षर बदललं. पेपरातल्या जाहिरातीत नाव वाचता वाचता नाटकाची जात कळायची. सगळी अक्षरं शेजारी ठेवलीस तर एका माणसाची आहेत असं वाटणार नाही. त्यांची शैली म्हणजे नाटकासमोर आपण मागे सरणं.

भाची : तरी जाणकार म्हणायचे, हे शेडगेंचं.

मामा : म्हणायचे. मीही म्हणायचो.

भाची : म्हणजे मागे सरलेला माणूसही ओळखू येतो. मग तुझा लोटा आणि माझी सही यांत एवढं वैर कशाला? आपल्या संविधानाचंच बघ. इंग्रजी प्रत दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादांनी हाताने लिहिली. मानधन घेतलं नाही. अट एवढीच घातली, की प्रत्येक पानावर माझं नाव असेल आणि शेवटच्या पानावर माझ्याबरोबर माझ्या आजोबांचंही. कारण लेखणी धरायला आजोबांनी शिकवलं होतं. देशाच्या सर्वांत मोठ्या दस्तऐवजात एका माणसाने आपल्या अक्षराचा उगम लिहून ठेवला.

मामा : आणि हिंदी प्रत?

भाची : हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्यांनी लिहिली.

मामा : कागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्राचा. हे मला ठाऊक आहे, कारण कागद आम्ही आधी बघतो. दोन्ही प्रतींवरची चित्रं आणि नक्षी नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या मंडळींची. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैलसुद्धा आहे. पाच हजार वर्षांची उसनवारी एका ग्रंथात.

भाची : पण उसनं घेतल्याचं लपवलेलं नाही. मला एवढंच म्हणायचंय. हनीफने तेच केलं, रायजादांनी तेच केलं. कुठून आलं ते लिहून ठेवलं. माझ्या धंद्यात काय होतं, सांगू? चावडी बाजारचे फोटो भिंतीवर चिकटवायचे, त्याला प्रेरणा म्हणायचं, सावली संगणकावर ओढायची आणि पारितोषिकाच्या अर्जात लिहायचं, ‘दिल्लीच्या लोककलेचा आधुनिक आविष्कार’. पेंटर त्यात कुठेच नाही.

मामा : मग तू काय करणार आहेस? कफीलसारख्या एखाद्या पेंटरला बोलावणार, हे फोटो त्याच्या हातात देणार आणि खाली त्याचं नाव घालणार? तरी ते सोंगच. गुरुग्रामच्या त्या मॉलमध्ये ना तारांचं जाळं, ना रिक्षा. काचेचा दर्शनी भाग, छतातून पडणारा पांढरा उजेड, वाचणारा माणूस सरकत्या जिन्यावर. चावडी बाजारातली सावली तिथे काय करणार?

भाची : फोटो देणारच नाही त्याला.

मामा : मग?

भाची : जागा दाखवणार. हे अंतर, ही उंची, हा उजेड, इथून माणूस वर येतो, इतक्या वेळात त्याने नाव वाचलं पाहिजे, रंग उन्हात नाही तर दिव्याखाली दिसणार आहे. नाव हिंदीतही हवं आणि इंग्रजीतही. आता तू सांग, अक्षर कसं बसवशील. चावडी बाजारात त्याला अडचण त्याच्या गल्लीने दिली होती, इथे मी देते. सावली टाकायची की नाही, ते त्याने ठरवायचं.

मामा : आणि त्याने अगदीच साधं, बिनसावलीचं अक्षर काढलं तर? गिऱ्हाईक म्हणेल, यात जुनी दिल्ली कुठाय?

भाची : ते पटवणं माझं काम.

मामा : आणखी सांगतो. हाताने रंगवलेली पाटी फ्लेक्सपेक्षा महाग पडते, वेळ खाते आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवावी लागते.

भाची : तोही खर्च अंदाजपत्रकात घालणार. पुन्हा रंगवायला तोच पेंटर, असं करारातच लिहायचं. त्याची मजुरी ‘साहित्य व इतर’मध्ये नाही, नावासकट स्वतंत्र ओळीत.

मामा : सगळं त्याचं, तर तुझी शैली कुठे राहिली?

भाची : ती माझीच असली पाहिजे, असं कोण म्हणालं? मघाशी लोट्यावर सही नको म्हणणारा तूच ना?

मामा : मी लोट्याबद्दल बोलत होतो. तुझ्याबद्दल बोलताना माझा नियम वेगळा आहे. चार वर्षं शिकलीस, कर्ज काढून शिकलीस. कोपऱ्यात बारीक का होईना, तुझंही नाव असलं पाहिजे.

भाची : म्हणजे शेवटी सही हवीच.

मामा : दोन सह्या. त्याची मोठी, तुझी बारीक. आणि पाटी लागली की मला बघायला ने. जिन्यावरून वाचता आली नाही, तर दोघांचीही नावं खोडायला मी पुढे.